बाहेर एक चप्पल अजून आहे

आमच्या गावच्या वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर अभ्यासिका होती. बारावीचं वर्ष मी जवळपास तिथेच काढलं. खाली वर्तमानपत्रांच्या टेबलापाशी शिपाईमामा बसलेले असत. बंद करायची वेळ रात्री दहाची, पण कोणी वाचत बसलं असेल तर त्याला उठवायचं नाही, असा मामांनी स्वतःच घालून घेतलेला नियम होता. अडचण एवढीच की त्यांचे गुडघे दुखायचे. वर कोण उरलंय ते बघायला दर वेळी जिना चढणं त्यांना जमत नसे. म्हणून ते जिन्याच्या पायथ्याशी काढलेल्या चपला मोजत. चपला आहेत म्हणजे माणसं आहेत. शेवटचा जोड गेला की मेन स्विच बंद आणि दाराला कुलूप.

पद्धत इतकी बिनचूक वाटायची की तिच्यावर कोणी विचारच केला नव्हता. मग एके रात्री माझ्या मैत्रिणीच्या चपलेचा अंगठा तुटला. तिने ती कोपऱ्यातल्या डब्यात टाकली, माझी पायात सरकवली आणि कोपऱ्यावरच्या दुकानात पेन आणायला गेली. दहा मिनिटांत येणारच होती, मला सांगायचं काय त्यात? मामांनी पाहिलं, पायथ्याशी काही नाही. त्यांनी दिवे घालवले आणि कुलूप लावलं. मी वर ऑरगॅनिक केमिस्ट्रीच्या वहीवर डोकं ठेवून पेंगत होते. जाग आली तेव्हा मला वाटलं वीज गेली.

उलटा प्रकारही व्हायचा. पावसाळ्यात कोणीतरी कुजलेली रबरी चप्पल तिथेच सोडून अनवाणी घरी जायचं. मग मामा अकरापर्यंत ताटकळत बसायचे. अधूनमधून जिन्याच्या तोंडाशी जाऊन हाक मारायचे, "कोण आहे वर?" वर कोणीच नसायचं.

पुढे मी इंजिनिअर झाले, आणि आता माझं पोट ज्या कामावर चालतं ते बरचसं याच दोन प्रकारांतलं आहे. मी कर्नलमध्ये काम करते. (हे वाक्य मी पहिल्यांदा घरी बोलले तेव्हा बाबांनी विचारलं होतं, "कोणत्या रेजिमेंटच्या?") ऑपरेटिंग सिस्टिमचा सगळ्यात आतला भाग म्हणजे कर्नल. मेमरी, फायली, नेटवर्क, प्रोसेस यांचा सगळा कारभार तिथून चालतो. तिथे एखादी वस्तू, म्हणजे उघडलेली फाईल किंवा नेटवर्कचा इंटरफेस, एकाच वेळी अनेक जण वापरत असतात. कोण कधी सोडून जाईल हे आधी ठरलेलं नसतं. मग ती वस्तू मोडून तिची जागा परत कधी घ्यायची? उत्तर मामांचंच. प्रत्येक वस्तूवर एक आकडा ठेवायचा. वापरायला घेताना तो एकाने वाढवायचा, त्याला 'गेट' म्हणतात. सोडताना एकाने कमी करायचा, त्याला 'पुट'. आकडा शून्यावर आणेल त्याने जाताना आवरून जायचं. यालाच रेफरन्स काउंटिंग म्हणतात.

ही कल्पना जॉर्ज कॉलिन्स यांनी १९६० साली एका शोधनिबंधात मांडली. त्याच वर्षी जॉन मॅकार्थी यांनी लिस्प भाषेसाठी दुसरा मार्ग सांगितला: मोजत बसू नका, मधूनमधून सगळीकडे फिरून बघा, कोणापर्यंत अजून वाट पोचते, ज्याच्यापर्यंत पोचत नाही ते कचऱ्यात. म्हणजे जिना चढून वर जाऊन पाहणं. या मार्गात चपलांचा घोळ होत नाही, पण मामा फेरी मारत असताना सगळ्यांनी जागेवर बसून राहायचं. पुढे यावर पुष्कळ सुधारणा झाल्या, तरी लिनक्सच्या कर्नलने ही वाट सहसा धरलेली नाही. तिथे मोजणीच चालते. साठ वर्षांहून जुनी, स्वस्त, आणि विसरभोळ्या माणसाच्या हातात भयंकर.

*

तेव्हा मी पुण्यात ज्या कंपनीत होते ती इंटरनेटच्या छोट्या पेट्या बनवायची. तालुक्या-तालुक्याचे केबलवाले त्या घ्यायचे. एका मे महिन्यात तक्रारी यायला लागल्या: नेट एकदा तुटलं की पुन्हा जोडलंच जात नाही, पेटी बंद करून चालू करावी लागते. सगळीकडे नाही, रोज नाही. लातूरच्या पुढच्या एका केबलवाल्याने स्क्रीनचा फोटो पाठवला. त्यावर दर दहा सेकंदांनी एकच ओळ उमटत होती. ज्यांनी लिनक्सच्या नेटवर्किंगमध्ये हात घातला आहे त्यांना ती ओळ झोपेतही ओळखू येईल. मराठीत आणली तर अशी: 'पीपीपी शून्य मोकळा होण्याची वाट पाहतोय. वापरसंख्या १.'

ही ओळ मला अजूनही कर्नलमधली सगळ्यात करुण ओळ वाटते. जोडणी तुटलेली आहे. इंटरफेस काढून टाकायचं ठरलेलं आहे. सगळे निघून गेलेत आणि आकडा एकावर अडलाय. जी प्रोसेस तो काढायला गेली ती कर्नलच्या आत थांबून राहते, मारली तरी मरत नाही. नवी जोडणी करायची तर जुनी आधी संपायला हवी, आणि ती संपत नाही. अकरा वाजलेत आणि बाहेर एक चप्पल अजून आहे.

पण हा फोटो येण्याआधीच ऑफिसात कारण ठरून गेलं होतं: अर्थिंग. मराठवाड्यातली वीज, वोल्टेज वरखाली, तिथल्या बसवणीत अर्थिंग नीट नसणार. बसवणी करणारे आमचे फील्डवरचे काका, वय पन्नाशीच्या पुढे, कंत्राटी. त्यांना सांगितलं गेलं की सगळ्या ठिकाणचे अर्थिंगचे खड्डे पुन्हा करा. मे महिन्यात लातूरकडच्या जमिनीत खड्डा खणणं म्हणजे काय, ते मला तेव्हा फक्त फोटोंतून दिसत होतं. रोज संध्याकाळी ग्रुपवर काकांचा फोटो यायचा. खड्डा, त्यात मिठाचा थर, कोळशाचा थर, तांब्याची पट्टी. खाली, 'झाले साहेब'.

वापरसंख्या एकावर अडली याचा अर्थ कोणीतरी 'गेट' केलं आणि 'पुट' केलं नाही. कोणी, ते मात्र आकडा सांगत नाही. या पद्धतीचं मूळ दुखणं तेच. चप्पल आहे एवढं दिसतं, कोणाची ते चपलेवर लिहिलेलं नसतं. कर्नलमध्ये त्या इंटरफेसला हात लावणाऱ्या शेकडो जागा असतात. पण आमच्या पेटीत आमची स्वतःची भर एकाच मॉड्यूलची होती, प्रत्येक जोडणीचे आकडे गोळा करणाऱ्या. म्हणून मी तिथून सुरुवात केली. दुसऱ्या दिवशी दुपारी मला ती जागा सापडली.

एक फंक्शन होतं. ते नावावरून इंटरफेस शोधायचं, म्हणजे 'गेट', मग मेमरी घ्यायचं, आकडे भरायचं आणि शेवटी 'पुट'. मध्ये कोणीतरी तीन ओळी घातल्या होत्या: इंटरफेस अजून चालू झाला नसेल तर इथूनच परत जा. तसंच परत. 'पुट' न करता. हे फंक्शन पेटीचं स्टेटस पान उघडलं की चालायचं. म्हणजे जोडणी होत असतानाच्या त्या काही सेकंदांत ज्याने पान उघडलं त्याची पेटी पुढच्या वेळी नेट तुटलं की अडकणार. आणि नेट जोडलं जात असताना स्टेटस पान कोण उघडतं? ज्याचं नेट आत्ताच गेलं होतं आणि ज्याला धीर नाही तोच.

कोणती ओळ कोणी लिहिली हे दाखवणाऱ्या गिटच्या आज्ञेचं नाव 'ब्लेम' आहे. मी ती चालवली. तीन ओळींपुढे माझं नाव आलं. आठ महिन्यांपूर्वी, एका शुक्रवारी संध्याकाळी सहा वाजून काही मिनिटांनी.

मी तो दिवस कोणाला काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. स्वतःला सांगत होते की आधी खात्री करायला हवी, ऑफिसातल्या पेटीवर घडवून बघायला हवं. ते मी त्याच रात्री घडवून पाहिलं होतं. दोन मिनिटं लागली होती. त्या दोन दिवसांत ग्रुपवर आणखी तीन खड्ड्यांचे फोटो आले. एका फोटोत काकांची सावली पडली होती, डोक्यावर टॉवेल होता. मी त्या फोटोला अंगठाही दिला नाही. देणं खोटं झालं असतं, आणि न देणं काही खरं होत नव्हतं.

*

त्या दोन दिवसांत मी जे वाचत बसले त्यात एक जुनी भानगड होती. २०१६च्या जानेवारीत पर्सेप्शन पॉइंट या सुरक्षा कंपनीने लिनक्समधली एक चूक उघड केली. कर्नलमध्ये प्रोसेसच्या किल्ल्या ठेवायची एक व्यवस्था आहे, तिला कीरिंग म्हणतात. प्रोसेस नाव सांगून कीरिंगला जोडून घेऊ शकते. आधीच जोडलेली असेल तर फंक्शन मधूनच परत फिरायचं, आणि त्या वाटेवर 'पुट' राहून गेलं होतं. नेमकी माझीच चूक. कर्नलच्या ३.८ या आवृत्तीपासून ती तिथे बसून होती.

फरक असा की त्या वेळी हा आकडा ३२ बिटांचा साधा आकडा होता. प्रत्येक फेरीला एक वाढतो. वाढवत राहा, ४,२९,४९,६७,२९६ वेळा, म्हणजे जुन्या स्कूटरच्या मीटरसारखा तो फिरून शून्यावर येतो. कर्नलला वाटतं, कोणीच उरलं नाही. तो जागा मोकळी करून दुसऱ्याला देतो, आणि पहिला अजून तिथेच बसलेला असतो. त्या जागी आता काय ठेवायचं हे हल्ला करणारा ठरवू शकला तर सगळं यंत्रच त्याच्या हाती जातं. चारशे कोटींहून जास्त फेऱ्या म्हणजे अशक्य वाटतं. त्यांच्या प्रात्यक्षिकात साध्या कॉम्प्युटरवर साधारण अर्धा तास लागला होता. म्हणजे गळतीची चूक, जिने फार तर जागा वाया जाते असं आपण समजतो, तीच पुरेशी चिकाटी असेल तर दार उघडून देते.

यावर २०१७ साली, ४.११ आवृत्तीत, जो उपाय आला तो मला फार आवडतो, कारण तो चूक होऊ नये म्हणून काही करत नाही. मोजणीसाठी वेगळा प्रकार केला, रेफकाउंट-टी. हा आकडा फार वाढला तर फिरून शून्यावर येत नाही. एका जागी गोठतो आणि मग कितीही 'पुट' केलं तरी हलत नाही. ती वस्तू आता कधीच मोकळी होणार नाही. गळती कायमची. पण आत माणूस असताना कुलूप लागण्यापेक्षा दिवा रात्रभर जळत राहिलेला परवडला, असा तो हिशेब आहे. शून्यावरून कोणी पुन्हा 'गेट' करू पाहिलं तर तो ओरडतो, कारण शून्य झालेल्या वस्तूला हात लावणारा हा कोण? माझ्या आईच्या भाषेत, गेलेल्याला जेवायला बोलावू नये.

चौथ्या दिवशी संध्याकाळी मी लीडच्या टेबलापाशी गेले आणि सांगितलं. तो शांत होता. त्याने फक्त विचारलं, "कधी कळलं?" मी खरं सांगितलं. त्यावर तो जे काही बोलला नाही ते मला अजून लक्षात आहे. मग त्याने फोन माझ्यापुढे सरकवला. "काकांना तू सांग."

मी सांगितलं. पलीकडे ट्रॅक्टरचा आवाज येत होता. काका म्हणाले, "म्हणजे मॅडम, खड्डे वाया नाहीत जात. अर्थिंग चांगलंच असतं." मग थोडं थांबून, "पण आता खणू नको ना?"

*

दुरुस्ती एका ओळीची होती. ती त्या आठवड्यातच गेली. पण लीडने मला मॉड्यूलचं सगळंच आवरून, सोपं करून दे म्हणून सांगितलं. शिक्षा म्हणून नव्हे, असं तो म्हणाला.

सी भाषेत कर्नल लिहिताना आवरण्याची एक ठरलेली रीत आहे. फंक्शनमध्ये तुम्ही एकेक गोष्ट घेत जाता: इंटरफेस, मेमरी, लॉक. शेवटी उलट्या क्रमाने सोडण्याच्या पायऱ्या लिहिलेल्या असतात. मध्येच काही बिघडलं तर जितकं घेतलं असेल त्या पायरीवर 'गोटू'ने उडी मारायची आणि तिथून खाली उतरत यायचं. कॉलेजात 'गोटू' वापरला की गुण कापायचे, आणि इथे जगातल्या सगळ्यात जास्त वापरल्या जाणाऱ्या कोडमध्ये पानोपानी तोच. रीत चांगली आहे. पण नवी पायरी घातली की वरच्या सगळ्या उड्या तपासाव्या लागतात, आणि शुक्रवारी संध्याकाळी सहा वाजता ते होत नाही. मी तर जिन्यावरूनही आले नव्हते, मधल्या मजल्याच्या खिडकीतूनच बाहेर पडले होते.

२०२३मध्ये, ६.५ आवृत्तीत, पीटर झाइल्स्ट्रा यांनी कर्नलमध्ये एक छोटी हेडर फाईल आणली. तिचा आधार कंपायलरची एक जुनीच सोय आहे: एखादं व्हेरिएबल जाहीर करतानाच सांगून ठेवायचं, की याचा आवाका संपला की हे फंक्शन आपोआप चालव. म्हणजे 'गेट' केलं त्याच ओळीत 'पुट'ची सोय लागली. मग मधून कुठूनही परत फिरा, खिडकीतून उडी मारा, चप्पल तुमच्याबरोबरच जाते. आमच्या पेटीचा कर्नल पुष्कळ जुना होता, पण मला लागत होतं तेवढं मी आमच्याकडे आणून घेतलं.

यातली मला खरी मोलाची वाटलेली गोष्ट आपोआप आवरणं ही नाही. कधीकधी घेतलेली वस्तू तुम्हाला सोडायची नसते, पुढे दुसऱ्याच्या हाती द्यायची असते. मग तुम्हाला स्पष्ट लिहावं लागतं की हे आता माझं नाही, मी दिलं. त्यासाठी वेगळा शब्द आहे आणि तो न लिहिता चालत नाही. जुन्या कोडमध्ये हे देणं-घेणं लिहिणाऱ्याच्या डोक्यात असायचं, आणि लिहिणारा नोकरी सोडून गेला की तेही जायचं. आमचा लीड रिव्ह्यूमध्ये नेहमी एकच प्रश्न विचारायचा, "हे कोणाचं आहे?" मला तो पूर्वी चिडवणारा वाटायचा.

तीन आठवड्यांत मी पायऱ्या काढल्या, उड्या काढल्या. दीडशेच्या आसपास ओळी गेल्या. आणि या भरात मला एक रिकामं फंक्शन सापडलं.

हे जरा सांगायला हवं. आमच्या मॉड्यूलमध्ये प्रत्येक जोडणीमागे आकड्यांची एक वस्तू असायची, आणि ती फायलींसारखी बाहेर दिसावी म्हणून तिला कोबजेक्ट या कर्नलच्या ठरलेल्या साच्यात बसवलेलं होतं. या साच्याचा नियम असा की वस्तू तुम्ही थेट मोडायची नाही. तुम्ही फक्त 'पुट' करायचं, आणि आकडा शून्य झाला की कर्नल तुमचं 'रिलीज' नावाचं फंक्शन बोलावतो, आवरायचं ते तिथे. 'रिलीज' दिलंच नाही तर कर्नल कुरकुरतो की हे मोडकं आहे, दुरुस्त करा. लोक काय करतात? कुरकुर थांबवायला रिकामं 'रिलीज' देतात. कर्नलच्या दस्तऐवजात याची खास ताकीद आहे, आणि तिच्या जुन्या प्रतीत तर असं करणाऱ्याची निर्दय टिंगल केली जाईल अशी धमकीच होती. आमच्याकडे कोणी तरी तेच केलं होतं. आत एक ओळ नव्हती. म्हणजे ती वस्तू कधीच मोकळी होत नव्हती. प्रत्येक नव्या जोडणीला थोडी मेमरी जात होती, पण इतकी थोडी की कोणाच्या लक्षात येऊ नये.

मी तिथे मेमरी सोडणारी एक ओळ लिहिली. फार बरं वाटलं. काका म्हणाले, "आमच्याकडेच लावा पहिलं, आम्हाला सवय आहे." दहा पेट्यांवर लावलं. दुसऱ्या दिवसापासून त्या आपोआप रीस्टार्ट व्हायला लागल्या.

कारण शोधायला मी ऑफिसातल्या व्हर्च्युअल मशीनवर मेमरीच्या तपासण्या चालू केल्या. त्यात कर्नल मोकळ्या केलेल्या जागेत ६बी हा आकडा भरून ठेवतो. कोणी त्या जागेतून काही वाचलं की त्याच्या हाती ६बी६बी६बी६बी लागतं. अपघाताच्या नोंदीत मला तेच दिसलं. मेलेल्या जागेत कोणीतरी हात घातला होता.

तो एक टायमर होता. दर सेकंदाला उठायचा, आकडे गोळा करायचा आणि स्वतःलाच पुढच्या सेकंदाचा गजर लावायचा. जोडणी गेली तरी त्याला कोणी थांबवत नव्हतं. त्याने कधी 'गेट' केलेलंच नव्हतं. तो अभ्यासिकेत अनवाणी बसलेला होता. एवढी वर्षं काही झालं नाही, कारण रिकाम्या 'रिलीज'मुळे खोली कधी बंदच होत नव्हती. मी गळती बुजवली आणि तो कुलपात सापडला.

रिकामं 'रिलीज' लिहिणाऱ्याला हे ठाऊक असेल का, यावर मी खूप विचार केला. बहुधा नसेल. पण असेलही. पेट्या पडतात, कारण सापडत नाही, आणि उद्या माल पाठवायचा आहे. तर असूदे गळत. मी त्याला नावं ठेवायला बसले तेव्हा माझे दोन दिवस मला आठवले आणि मी ते सोडून दिलं.

*

सरळ उत्तर होतं की टायमरलाही 'गेट' करायला लावायचं. मी तसं लिहिलंही. मग लीडचा प्रश्न आला, हे कोणाचं आहे? मी कागदावर नावं मांडली. स्टेटस पान, टायमर, इंटरफेस आला-गेला हे ऐकणारा भाग. तिघेही मोजणीत. कागदाकडे बघताना जाणवलं की यातल्या एकालाही ती वस्तू खरं म्हणजे जवळ ठेवायची गरज नाही. स्टेटस पानाला आकडे हवे होते, वस्तू नको होती. त्याला कुलपाआड आकड्यांची नक्कल काढून दिली की तो जाऊ शकत होता. टायमर जोडणीपेक्षा जास्त जगण्याचं कारणच नव्हतं. उरला एक मालक. आणि मालक एकच असेल तर मोजायचं काय?

मी कोबजेक्ट काढून टाकला. 'गेट' नाही, 'पुट' नाही, आकडा नाही. जोडणी संपली की आधी टायमर थांबवायचा, तो आत असेल तर बाहेर येईपर्यंत थांबायचं, मग जागा मोकळी. पहिल्या फेरीत मी टायमरला लागणारं कुलूप स्वतः धरून टायमरची वाट पाहत बसले आणि सगळं यंत्र गोठलं, पण ते तासाभरात कळलं. बाहेर दिसणाऱ्या फायली बदलल्यामुळे वेबपानवाले चिडले, त्यांचं सगळं पुन्हा लिहावं लागलं. त्यांचं चिडणं रास्त होतं.

हे सगळीकडे चालत नाही, हेही सांगायला हवं. इंटरफेससारखी वस्तू खरोखरच अनेकांची असते, तिथे मोजणीला इलाज नाही. तिथे चपलांवर नावं लिहिण्याचा प्रयत्न झाला. २०२२मध्ये, ५.१७ आवृत्तीत, एरिक ड्युमाझे यांनी आणलेली सोय प्रत्येक 'गेट'बरोबर ते कोडमधल्या कोणत्या वाटेने आलं याची नोंद ठेवते. वापरसंख्या अडली की यादी छापून मिळते. हे माझ्या पेटीत असतं तर माझं नाव पहिल्याच दिवशी, माझ्याआधी सगळ्यांना दिसलं असतं. पण अशा नोंदीला वेळ आणि जागा लागते, म्हणून ती तपासणीपुरतीच चालू ठेवतात. मामांनीही मी कोंडली गेल्यावर एक वही ठेवली होती, येताना-जाताना सही करायची. महिनाभर चालली. जातानाची सही कोणी करेना, आणि काही कार्टी येतानाच्या रकान्यात सिनेमानटांची नावं लिहायला लागली. शेवटी मामा गुडघे धरत जिनाच चढायला लागले.

नवं मॉड्यूल लावायला मी स्वतः गेले. रात्रीची गाडी, सकाळी लातूर, तिथून काकांच्या मोटरसायकलवर. वाटेत त्यांनी मला तीन खड्डे दाखवले, अगदी थांबून. वर सिमेंटची चौकट, झाकण, त्यावर खिळ्याने तारीख कोरलेली. मी प्रत्येक ठिकाणी उतरून पाहिलं.

केबलवाल्याची खोली दहा बाय दहाची. एसी, तारांचं जंगल, कोपऱ्यात गणपती. धूळ नको म्हणून चपला बाहेर काढायच्या. मी पेटीची जोडणी तोडायची, जुळायला लागली की स्टेटस पान उघडायचं, मग पुन्हा तोडायची, असं करत राहिले. काका कागदावर रेघा मारत होते, चारावर पाचवी आडवी. पन्नास झाल्या. इंटरफेस येत होता आणि जात होता. ती ओळ एकदाही उमटली नाही. "बास आता," केबलवाला म्हणाला, "चहा घ्या."

बाहेर आलो तर पायरीवर चार जोड होते. आम्ही तिघंच होतो. मी केबलवाल्याला विचारलं, आत अजून कोणी आहे का? त्याने चौथ्या जोडाकडे पाहिलं. चामडी, टाच झिजलेली, वर धुळीचा थर. "ती होय," तो म्हणाला, "ती दिवाळीपासून आहे."